उकिरड्याचे परदेशगमन

दिवाळीत आपण कोठे कोठे दिवा लावतो, याची एकदा यादी करून पाहावी. देवघर, तुळशीवृंदावन, उंबरठा, विहीर, गोठा, धान्याची कोठी. येथवर कोणी हरकत घेणार नाही. परंतु खेड्यापाड्यांतून आणखी एक पणती निघते आणि ती उकिरड्यावर जाऊन बसते. शहरातल्या वाचकांना याचे हसू येईल. ज्या जागी उरलेसुरले, कुजके, नको झालेले असे सारे फेकायचे, त्या जागेला वर्षातून एकदा दिवा दाखवावयाचा, ही रीत कोणी घालून दिली असेल? कोणी का असेना, तो मनुष्य शेतकरी होता आणि उपकाराची जाण ठेवणारा होता, एवढे खास.

आपल्याकडे म्हण आहे की, उकिरड्याची दैना बारा वर्षांनी देखील फिटते. आमच्या उकिरड्याची दैना फिटली, ती मात्र परदेशी जाऊन. इंदुरातून निघालेला हा गृहस्थ विलायतेत पोचला, तेथल्या थंडीत रुळला, जमीनदारांच्या आणि उमरावांच्या बागेत मानाने राहिला, आणि शेवटी नवे नाव घेऊन परत आमच्या दारी आला. त्याची हकीकत आजच्या अंकात सांगावयाची आहे. मी मास्तर आहे. वरकड वेळात कादंबऱ्या लिहितो. पण ही हकीकत मात्र कादंबरीतली नव्हे.

आमचे कोंढा हे भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यातले गाव. वैनगंगेच्या खोऱ्यातला हा भाताचा मुलूख. जुने मालगुजारी तलाव, त्यांच्या खाली धानाच्या बांध्या, आणि घराच्या मागे सांदवाडी. सांदवाडी म्हणजे परसू. पुण्या-मुंबईकडच्या वाचकांसाठी तिचे थोडे वर्णन करतो. न्हाणीचे पाणी जेथे उतरते तेथे केळी आणि धोपा, म्हणजे तुमचे अळू. जरा पलीकडे मुंगना, म्हणजे शेवगा. कुंपणावर कारली आणि दोडकी, मांडवावर वाल, छपरावर भोपळा नाहीतर कोहळे. मधल्या मोकळ्या जागेत वांगी, मिरची, सांबार आणि आंबाडी. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे पाहुणा आला की या शब्दावरून एकदा तरी गोंधळ होतो. कोपऱ्यात पपई किंवा सीताफळ, आणि या सर्वांच्या पाठीशी उकिरडा.

पाहणाऱ्याला ही नुसती गर्दी वाटेल, पण तिच्यात हिशेब असतो. रोज लागणारे दाराजवळ, वर्षातून एकदा लागणारे दूर. पाण्याची आवड असेल ते न्हाणीशी, कोरड्यावर राहील ते कुंपणाशी. उंच झाडाच्या सावलीत ठेंगणे रोप, आणि वेलाला आधार म्हणून झाडच. घरातून निघालेला एक थेंब किंवा एक साल वाया जावयाची नाही. हे कोणी पुस्तकातून शिकले नव्हते. सासूने केले, सुनेने पाहिले, इतकेच या विद्येचे विद्यापीठ.

आता या विद्येत काही उणे नव्हते, असे म्हणणे म्हणजे आत्मस्तुती होईल. उणे होते, आणि ते जाणत्यांनी पूर्वीच दाखवून दिले होते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, डोंगरावरचा पालापाचोळा आणि जनावरांच्या मलमूत्राचा अंश पावसाबरोबर वाहून शेतात येई व त्याने जमीन कशी पोसली जाई, हे सांगितले आहे. जंगल खात्याने राने अडवली आणि शेतकऱ्याची गुरे व खत दोन्ही आटली, हे त्यांचे दुखणे होते. पुढे सहा वर्षांनी, म्हणजे १८८९ साली, विलायत सरकारने डॉक्टर व्होलकर नावाचे रसायनशास्त्रज्ञ येथली शेती पाहावयास पाठविले. १८९३ साली त्यांचा अहवाल छापून आला. हिंदी शेतकऱ्याला काही कळत नाही, ही समजूत त्यांनी खोडून काढली. परंतु शेण चुलीत जाते, हेही त्यांनी नोंदविले. शेतकरी शेण जाळतो तो अडाणी म्हणून नव्हे, त्याला जळाऊ लाकूड मिळत नाही म्हणून, हा त्यांचा निष्कर्ष होता. शेण चुलीत, मूत्र गोठ्याच्या मातीत, राख वाऱ्यावर, आणि उकिरड्यात जे उरे ते पावसाने धुऊन जाई. आमचा उकिरडा उपाशी होता, तो असा.

या उपाशी उकिरड्याला पोटभर जेवू घालणारा मनुष्य इंग्रज निघाला. अल्बर्ट हॉवर्ड हे त्याचे नाव. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी १८७३ साली एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. १९०५ साली तो बिहारातील पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आला. गव्हाच्या जाती सुधारण्याचे काम त्याच्याकडे होते. त्याची पत्नी गॅब्रिएल ही स्वतः केंब्रिजची वनस्पतिशास्त्रज्ञ. पुढे तिलाही सरकारी पद मिळाले आणि नवरा-बायको एकाच शेतावर काम करू लागली. हॉवर्डसाहेबाचे एक वैशिष्ट्य असे की, आसपासच्या शेतकऱ्यांना शिकविण्याआधी त्याने त्यांच्यापासून शिकावयास आरंभ केला. शेतकरी आणि पिकावरची कीड हे आपले दोन प्राध्यापक होत, असे तो म्हणे. कीड म्हणजे शत्रू नव्हे. जमिनीचे काही चुकले आहे, हे सांगणारा तो निरोप्या, ही त्याची श्रद्धा.

पुशाला प्रत्येक विषयाचे खाते निराळे आणि प्रत्येक खात्याला भिंत. रोप एकाचे, माती दुसऱ्याची, कीड तिसऱ्याची. हॉवर्डला ही वाटणी मानवली नाही. १९२४ साली होळकरांच्या इंदुरात कापूस समितीच्या पैशाने आणि दरबाराने दिलेल्या जमिनीवर नवी संस्था उभी राहिली आणि हॉवर्ड तिचा संचालक झाला. तेथे त्याला रसायनशास्त्राच्या कामात एक सहकारी लाभला. त्याचे नाव यशवंत डी. वाड. मराठी कानाला हे नाव किती ओळखीचे वाटते! १९३१ साली ऑक्सफर्डच्या छापखान्यातून ‘शेतीतील टाकाऊ पदार्थ’ या विषयावरचे जे पुस्तक निघाले, त्याच्या मुखपृष्ठावर हॉवर्ड आणि वाड अशी दोन्ही नावे आहेत. पुढे जगाने पहिले नाव डोक्यावर घेतले आणि दुसरे विसरले. आमच्या शाळांतूनही ते कोणाला ठाऊक नाही.

या दोघांनी केले काय? चिनी शेतकरी शेकडो वर्षे खत कुजवून वापरतात, हे हॉवर्डने अमेरिकन प्राध्यापक किंग यांच्या १९११ सालच्या पुस्तकात वाचले होते. त्याला त्याने आमच्या उकिरड्याची जोड दिली आणि दोहोंना तराजू व थर्मामीटर लावले. सुमारे ३० फूट लांब, १४ फूट रुंद आणि दोन-तीन फूटच खोल असा उतरत्या कडांचा खड्डा घ्यावयाचा. खोली वाढविली की हवा कोंडते आणि हवा कोंडली की खत कुजण्याऐवजी सडते. पऱ्हाट्या आणि तुराट्या लवकर कुजत नाहीत. म्हणून त्या गाडीवाटेवर पसरून द्यावयाच्या, बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुगा आपोआप होतो. मग काडीकचरा, पाला, गोठ्यातली शेणाने भरलेली आंथरी, मूत्र मुरलेली माती आणि चुलीतली राख, असे थरावर थर. वरून शेणकाला शिंपडावयाचा. तीन वेळा सारे पालटावयाचे आणि पाणी द्यावयाचे. तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग रचावयाचा.

ढिगात आरंभी सुमारे ६५ अंश सेल्सियस उष्णता उत्पन्न होते आणि नव्वद दिवसांत ती उतरत ३० वर येते. आरंभी कर्बाचे भाग ३३ तर नत्राचा १ असावा. कुजून झाल्यावर हेच प्रमाण सुमारे दहास एक होते. नुसता पाला टाकला तर तो वर्षभर तसाच पडून राहतो आणि नुसते शेण टाकले तर त्यातले नत्र उडून जाते. दोघांची मैत्री घालून दिली म्हणजे जंतू कामास लागतात. आमच्या आयाबायांना हे हाताने कळत होते. वाड-हॉवर्डांनी ते आकड्यांत बांधले. आकड्यांत बांधलेली विद्या आगबोटीत बसू शकते, हा त्यातला फरक. कोंढ्याची सासू आपली सांदवाडी पाकिटात घालून कोणाला पाठविणार?

गॅब्रिएल हॉवर्ड १९३० साली वारली. १९३१ साली हॉवर्ड नोकरी सोडून मायदेशी गेला. त्याच्या पाठोपाठ ‘इंदूर पद्धत’ हे शब्दही गेले, आणि इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत आमच्या माळव्यातल्या शहराचे नाव कायमचे जाऊन बसले.

इकडे १९३५ च्या एप्रिल महिन्यात हिंदी साहित्य संमेलनासाठी महात्मा गांधी इंदुरास आले, तेव्हा ते ही संस्था मुद्दाम पाहून गेले. त्याच वर्षी ‘हरिजन’ पत्रातून त्यांनी या पद्धतीची माहिती लोकांपुढे मांडली. तेव्हा त्यांचा मुक्काम आमच्या विदर्भात, वर्ध्याला मगनवाडीत होता; पुढच्या वर्षी ते सेवाग्रामला राहावयास गेले. मळाची किळस आणि मळ वाहणाऱ्या माणसाची किळस या दोन निराळ्या गोष्टी नाहीत, हे त्यांनी ओळखले होते. खत करावयाचे तर सवर्णाने स्वतः हातात फावडे घेतले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात हेच व्रत चालविले आणि सोनखत करता येईल असे संडास बांधून दाखविले. ‘सोनखत’ हा शब्दच पाहा. भाषेने त्या वस्तूला सोने म्हटले, आणि समाजाने ते सोने डोक्यावरून वाहणाऱ्याला शिवून घेतले नाही.

आता विलायतेकडे वळू. माळव्यातला ढीग इंग्लंडच्या थंडीत चालला कसा? अडचणी खऱ्या होत्या. तेथे घरामागची बाग लहान, कचरा थोडा. आणि थोड्या कचऱ्याच्या ढिगात ऊब धरत नाही. वरून बारमाही पाऊस, हिवाळ्यात बर्फ. यावर तोडगा न्यूझीलंडच्या बागकऱ्यांनी काढला. तळ नसलेली लाकडी पेटी, लांबी-रुंदी चार चार फूट आणि उंची तीन फूट, फळ्यांच्या मधून हवेला फटी, वरून झाकण. पेटीमुळे ऊब टिकते, झाकणामुळे पाऊस अडतो, आणि माती उघडी असल्याने गांडुळे खालून वर येतात. हॉवर्डने आपल्या पुस्तकात या पेटीची शिफारस केली आणि ती घरोघर गेली. आमच्याकडे खड्डा ओलावा राखतो, तिकडे पेटी ऊब राखते. तत्त्व एकच, ज्या मुलखाला ज्याची वाण, ते जपावयाचे.

कुजत्या खताच्या उबेची किंमत थंड मुलखाला पूर्वीपासूनच कळत होती, हे येथे सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या आसपासचे माळी घोड्याच्या ताज्या लिदीचे वाफे करीत, वर माती पसरीत, त्यावर काचेच्या घंटा पालथ्या घालीत आणि भर थंडीत कोवळी भाजी बाजारात नेत. शहरात मोटारी आल्या, घोडे गेले, आणि त्यांच्याबरोबर ही कलाही मागे पडली. बैल गेल्यावर आपल्याकडे काय होते, ते पुढे येईलच.

१९४० साली हॉवर्डचा ‘शेतीचे मृत्युपत्र’ म्हणता येईल असा प्रमुख ग्रंथ निघाला. मृत्युपत्र म्हणजे मरणापूर्वी मुलाबाळांच्या हाती द्यावयाचा कागद. पहिल्या महायुद्धात स्फोटकांसाठी नत्र ओढणारे कारखाने युद्ध संपल्यावर खताकडे वळले, आणि तेव्हापासून शेतकऱ्याला पोत्याची सवय लागली, असे त्यात त्याचे म्हणणे आहे. त्याच वर्षी लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी आपल्या पुस्तकात अशा शेतीला इंग्रजीत जे नाव दिले, तेच आज मराठीत ‘सेंद्रिय शेती’ म्हणून रूढ आहे. दुसरे महायुद्ध चालू होते. अन्न आणणारी जहाजे बुडत होती. सरकार लोकांना घरापुढची हिरवळ खणून बटाटे लावावयास सांगत होते. वेस्टमोरलंड परगण्यातील लेव्हन्स हॉल या जुन्या वाड्याचा मुख्य माळी एफ. सी. किंग याने कंपोस्टवरच्या बागकामाचे पुस्तक लिहिले. १९४३ साली लेडी ईव्ह बाल्फोर यांनी ‘जिवंत माती’ या अर्थाच्या नावाचा ग्रंथ लिहिला आणि १९४६ साली मृत्तिका-मंडळ स्थापन झाले. अमेरिकेत रोडेल नावाच्या प्रकाशकाने १९४२ पासून याच विषयाचे मासिक चालविले. उकिरडा असा उमरावांच्या पंक्तीला जाऊन बसला. १९४७ साली, आम्हांस स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन महिन्यांनी, हॉवर्ड वारला.

पण हकीकत येथे संपत नाही. ज्या श्रॉपशायरात हॉवर्ड जन्मला, त्याच परगण्यात वेनलॉक एज नावाच्या डोंगरकडेला रॉबर्ट हार्ट नावाचा एक पत्रकार येऊन राहिला. बुद्धीने अपंग असलेल्या भावाला आणि स्वतःला निरोगी राहता यावे, म्हणून त्याने बाग केली. गांधींचे विचार त्याने मनापासून घेतले होते, आणि केरळातल्या घरामागच्या बागांनी त्याला वेड लावले होते. नारळाखाली फणस, फणसाखाली केळ, केळीखाली आले-हळद आणि झाडावर मिरवेल, ही रचना थंड देशात करता येईल का, हा त्याने ध्यास घेतला. उंच फळझाडे, ठेंगणी फळझाडे, झुडपे, पालेभाज्या, जमिनीसरपट पसरणारी रोपे, कंद आणि वेल, असे सात मजले त्याने एका लहानशा तुकड्यात बसविले. सफरचंद, नासपती, बेदाण्यासारखी आंबट फळे आणि वर्षानुवर्षे टिकणाऱ्या भाज्या. दरवर्षी नांगरणी नाही. तेथे सूर्य दुर्बळ आणि तिरपा. म्हणून झाडे विरळ लावावी लागतात आणि उंच झाड उत्तरेला ठेवावे लागते, नाहीतर खालचे सारे सावलीत गुदमरते. आमच्या कोंढ्यात नेमके उलटे. वैशाखात सावलीखेरीज मिरचीचे रोप जगत नाही. पाचोळ्याचेही तसेच. आम्ही तो ओल टिकावी म्हणून दाट पसरतो. तिकडे वसंतात दाट पाचोळा ठेवला तर जमीन गारच राहते आणि गोगलगायी माजतात.

जवळजवळ त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया या थंड बेटावर बिल मॉलिसन आणि त्यांचे तरुण शिष्य डेव्हिड होल्मग्रेन यांनी या साऱ्या विचारांचे शास्त्र रचले, आणि १९७८ साली त्याचे पहिले पुस्तक काढले. त्यांनी त्याला ‘पर्माकल्चर’ हे नाव दिले. कायम टिकणारी शेती, असा त्याचा अर्थ. रोज लागणारे घराजवळ लावा, क्वचित लागणारे दूर. एका वस्तूपासून अनेक कामे घ्या. घरातले पाणी बागेत उतरवा. कचरा असे काही मानूच नका. वाचकांना हे कोठेतरी ऐकल्यासारखे वाटत असेल! त्यांनी हे आमच्यापासून चोरले, असे मात्र मी म्हणणार नाही. जगातल्या अनेक जुन्या लोकांची शहाणीव त्यांनी आदराने गोळा केली आणि तिला नियमांत बसविले. आम्ही ती गोळा केली नाही, हे दुःख आहे.

तसे एक माणूस आमच्या विदर्भात होऊन गेले. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे. त्यांच्या नावाच्या अक्षरांवरून ‘नाडेप’ हा शब्द झाला. जमिनीवर विटांचे टाके, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. विटांच्या मध्ये हवेसाठी झरोके. आत काडीकचरा, माती आणि अगदी थोडे शेण. शे-सव्वाशे किलो शेणावर टाकेभर खत, हे त्यांचे गणित. ज्या शेतकऱ्याकडे एकच गाय उरली आहे, त्याच्यासाठी याहून मोठी सोय कोणती?

कारण गाईबैल खरोखरच उरले नाहीत. आमच्याकडे पाडव्याला गायगोधन होते. शेणाचा गोवर्धन करून त्यावरून गाई नेतात आणि मग मंडईचे दिवस सुरू होतात. पण आता नांगरणीला ट्रॅक्टर आहे आणि गोवर्धनापुरते शेण शेजारून मागून आणणारी घरे वाढत आहेत. सांदवाडीत खोल्या उठल्या. भाजी आठवडी बाजारातून येते. उकिरड्यावर पाल्यापेक्षा प्लॅस्टिकच्या पिशव्या अधिक, आणि त्या बारा वर्षांनीही कुजत नाहीत.

एकदा वर्गात मी विचारले, “घरी उकिरडा कोणाकोणाकडे आहे?” एकही हात वर झाला नाही. निम्म्या मुलांच्या घरी तो आहे, हे मला ठाऊक होते. मग एक मुलगी हळूच म्हणाली, “गुरुजी, आई शेण काढते. पण तसे सांगितले की सगळे हसतात.” त्या दिवशी मी धडा बाजूला ठेवला आणि वाड-हॉवर्डांची हकीकत सांगितली. ६५ अंशांचा आकडा फळ्यावर लिहिला. दुसऱ्या दिवशी चार मुले सांगत आली की, आम्ही ढिगात हात घातला, आत खरेच गरम लागते!

मला वाटते, उकिरड्याची दैना तिकडे फिटली याचे कारण थंड हवा नव्हे आणि शास्त्रही नव्हे. तिकडे लॉर्डाने आणि लेडीने स्वतः त्यात हात घातला आणि ती गोष्ट लपविली नाही. आपल्याकडे त्यात हात घालणारी बाई किंवा घालणारा माणूस हलका ठरला, आणि त्याच्याबरोबर त्याची विद्याही हलकी ठरली. ज्ञान नव्हते असे नाही. ज्याच्यापाशी ते होते त्याला आम्ही कधी विचारले नाही. हॉवर्डने विचारले, म्हणून तो मोठा झाला.

तेव्हा फराळाचे ताट पुढे ओढण्यापूर्वी माझी एक सूचना आहे. चार दिवसांत घरोघर केळीची साले, भाजीची देठे, झेंडूच्या माळा आणि आंब्याची पाने यांचा ढीग पडेल. फार काही करावयाचे नाही. अंगणाच्या कोपऱ्यात, आणि बिऱ्हाड शहरात असेल तर गॅलरीतल्या जुन्या भोके पाडलेल्या डब्यात, त्याचा थर द्यावा. वर मूठभर माती, थोडे शेण किंवा आंबट ताक, पुन्हा थर. दर पंधरवड्याला पालटावे. संक्रांतीनंतर उघडून पाहावे. आणि हे काम घरच्या मोलकरणीला सांगू नये. आपण करावे आणि मुलांकडून करवून घ्यावे.